विकणे आहे : एक पाणचक्की, एक घर

सुरत म्हटले की आपल्या सीमाभागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली केलेली सुरतेची लूट, आणि दुसरी लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या. माझ्यासाठी मात्र सुरत म्हणजे मावशीचे नानपुऱ्यातले घर. तापीपासून चालत दहा मिनिटांवर, एका अरुंद शेरीत, दोन शेजाऱ्यांच्या भिंतींमध्ये चिमटीत धरल्यासारखे उभे असलेले ते लाकडी घर मी सातवीत असताना पहिल्यांदा पाहिले. रुंदी जेमतेम पंधरा फूट, पण आत शिरत जावे तसे घर वाढतच जाते. पुढे ओटा (तिकडे त्याला ‘ओटलो’ म्हणतात), मग झोपाळ्याची खोली, मग उघडा चौक, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे न्हाणी. आपल्याकडच्या वाड्याचे किंवा कन्नड मुलखातल्या तोट्टी मनेचे हे सुरती भावंडच म्हणायचे.

हे घर आता विकायचे आहे.

२०२३ च्या दिवाळीत त्याच कामासाठी सगळे तिथे जमले होते. थोरला मावसभाऊ सुरतेतच, पण वेसूच्या फ्लॅटमध्ये राहणारा. धाकटा न्यू जर्सीला, तो फोनवर. बहीण पुण्याहून आली होती. मला मावशीने मुद्दाम बोलावून घेतले. “तू इतिहासवाली, तुला जुन्यातलं कळतं,” असे तिने फोनवर सांगितले. खरे कारण वेगळे होते, ते तिथे गेल्यावर कळले. मावशी मूळची शहापूरची. १९६३ साली लग्न होऊन ती सुरतेला गेली. काकांचे वडील बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांनी हे घर मुंबईला निघालेल्या एका पारशी कुटुंबाकडून घेतले होते. साठ वर्षांत मावशीची गुजराती अस्सल सुरती झाली, घरात मराठी राहिली, आणि कन्नड राहिली ती फक्त गुपितांसाठी. मुलांना, सुनांना कळू नये असे काही बोलायचे असले की तिला बेळगावचे माणूस लागते. तर त्या दिवाळीत ते माणूस मी होते.

पाडव्याच्या दुपारी जेवणे झाल्यावर दादाने फोनवर एक जाहिरात दाखवली. दादाचा धंदा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा. सुरतेत पाण्याच्या धारेने आडवा धागा ओढणारे वॉटरजेट माग घरोघर म्हणावे इतके आहेत, त्यांचे भाग तो विकतो. जून २०२३ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कापड-यंत्रांचे ‘इटमा’ हे मोठे प्रदर्शन भरले होते. हे प्रदर्शन चार वर्षांनी एकदा भरते आणि सुरतेचे व्यापारी जत्रेला जावे तसे तिथे जातात. दादाही गेला होता. प्रदर्शन संपल्यावर ओळखीचा एक इटालियन एजंट त्याला आपल्या गाडीतून बोलोन्याच्या पुढच्या डोंगरात घेऊन गेला. तिथे ओढ्याकाठी एक जुनी पाणचक्की होती. चक्की कसली, आता ते घरच होते, आणि ते विकायला काढले होते. दादाला ते फार आवडले. घ्यायचे वगैरे नव्हते, पण पाच महिने झाले तरी ती जाहिरात त्याने फोनमधून पुसली नव्हती.

“वाच ना ताई, आईला मराठीत सांग,” दादा म्हणाला.

मी वाचू लागले. तीनशे-साडेतीनशे वर्षांची दगडी पाणचक्की, मोठ्या प्रेमाने राहत्या घरात रूपांतरित. जिथे धान्याची पोती रचत तिथे तीन शयनगृहे. चाकाच्या खड्ड्यावर जाड काच बसवलेली, दिवाणखान्यात बसून खाली बघता येते. जुने दळणाचे दोन दगड जपून ठेवलेले : एक बागेत जेवणाच्या टेबलासाठी, एक दारात पायरीसारखा. मागे ऑलिव्हची झाडे, पुढे पोहण्याचा तलाव. ओढ्याच्या खळखळाटात निवांत आयुष्य. किंमत वेसूला दोन मोठे फ्लॅट यावेत एवढी.

झोपाळ्यावर पाय सोडून बसलेल्या मावशीने सगळे ऐकून घेतले आणि मला कन्नडमध्ये विचारले, “नीर ऐतेन?” म्हणजे, पाणी आहे का?

मी म्हटले, “मावशी, ओढा आहे म्हणून लिहिलंय.”

“ओढा असेल गं. चक्कीचं पाणी आहे का?”

प्रश्न साधा होता, पण मी अडखळले. कारण जाहिरातीत ते नव्हते. ओढा आणि चक्कीचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकातून माहीत होते आणि मावशीला पुस्तकाशिवाय.

पाणचक्की ओढ्यात उभी नसते. वर कुठेतरी बांध घालून ओढ्याचे थोडे पाणी पाटाने बाजूला काढतात, उतार राखत चक्कीपर्यंत आणतात, आणि तिथे ते उंचावरून चाकावर सोडतात. टस्कनीत अशा पाटाला ‘गोरा’ म्हणतात. चाक उभे असले तर त्याची गती दातेरी चाकांनी वळवून दगडाला द्यावी लागते. ही रचना विट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. डोंगरातल्या लहान चक्क्यांत मात्र पुष्कळदा चाक आडवेच असते, त्याचा दांडा सरळ वर जाऊन वरचा दगड फिरवतो. हिमालयातले ‘घराट’ असेच चालतात. काम पाटाचे. पाटात गाळ साठला, बांध फुटला, वरच्या शेतकऱ्याने पाणी आडवले, की चक्की बंद. म्हणून चक्कीवाल्याचे निम्मे आयुष्य पाट उपसण्यात आणि शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडण्यात जाई. आपल्याकडे पाटकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

“मग आता पाट कोण उपसतो?” मावशीचा दुसरा प्रश्न.

दादा हसला. “आई, आता कोण दळतंय तिथे? काचेखाली पंप लावून पाणी फिरवतात. मी पाहिलंय.”

“म्हणजे टाकीचंच पाणी,” असे म्हणून मावशीने झोपाळ्याला रेटा दिला.

इटलीच्या डोंगराळ भागात अशा चक्क्या शेकड्यांनी होत्या. गहू, मका आणि आपेनाइन डोंगरात तर चेस्टनटही दळत. गरिबाचे पीठ म्हणजे ते. चक्कीवर नंबर लावून लोक तासन् तास बसत, त्यामुळे चक्की ही गावाची चावडीच. मी एम. ए.च्या मुलांना कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराचे एक पुस्तक शिकवते, त्याचा नायक उत्तर इटलीतला मेनोक्कियो नावाचा चक्कीवालाच आहे. सोळाव्या शतकातला हा माणूस चार पुस्तके वाचून, विश्व कसे निर्माण झाले यावर गिऱ्हाइकांशी बोलत असे. तेवढ्यासाठी धर्मपीठाने त्याच्यावर १५८४ साली खटला भरला आणि शतक संपता संपता त्याचा जीव घेतला. पीठ दळायला येणाऱ्याशी माणूस काय बोलतो यावरही पाळत होती!

पुढे एकसंध झालेल्या इटलीच्या सरकारने १ जानेवारी १८६९ पासून दळणावर कर बसवला. दगडाच्या दांड्याला मोजणीचे यंत्र लावले, दगडाचे जितके फेरे तितका कर. लोकांनी दंगे केले. कर अखेर १८८४ साली उठला, पण तोवर पुष्कळ लहान चक्कीवाले बुडाले होते. मग वाफेच्या, विजेच्या गिरण्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतली माणसे कारखान्यांकडे गेली, वाट्याने शेती करण्याची जुनी पद्धत मोडली, आणि डोंगरातली घरे, गोठे, चक्क्या ओस पडल्या. इंग्रज, जर्मन, डच लोकांनी त्या मातीमोलाने घेतल्या आणि दुरुस्त केल्या. त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यांनी घेतल्या नसत्या तर आज तिथे नुसते दगडांचे ढीग दिसले असते. एखादी वास्तू ज्या कामासाठी बांधली ते काम संपले, की तिला दुसरे काम द्यावे लागते, नाहीतर ती पडते. सुरतेतच बघा ना. मुगलीसराई ही शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी आणि वाटसरूंसाठी बांधलेली सराई. सुरत तेव्हा मक्केचे बंदर. यात्रेकरू गेले, बंदर गाळाने भरले, आणि सराईत नगरपालिकेचे दप्तर येऊन बसले. घरपट्टीच्या रांगा लागल्या म्हणून तर सराईच्या भिंती आज उभ्या आहेत. तीच गत किल्ल्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने बांधलेला तापीकाठचा किल्ला पुढे सरकारी कचेऱ्यांनी भरला आणि आता महापालिकेने दुरुस्त करून त्याचे संग्रहालय केले आहे.

आपल्या मराठी मुलखात पाणचक्की एकच सर्वांना ठाऊक आहे, छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्यात ती आहे. काही मैलांवरच्या डोंगरातला झरा जमिनीखालच्या नळांनी आणून उंचावरून सोडला, आणि त्यावर फकिरांचे, वाटसरूंचे पीठ दळले. हौदाखाली एक मोठे दालन आहे, भर उन्हाळ्यात तिथे अंगाला गारवा लागतो. कॉलेजच्या सहलीत मुलांना घेऊन मी दोनदा गेले आहे. मुले चाकाचे फोटो काढतात, झरा कुठला ते कोणी विचारत नाही. मीही पहिल्या खेपेस विचारले नव्हते.

आणि आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर गोकाक. ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ १८८५ साली निघाली आणि १८८७ पासून घटप्रभेच्या पडत्या पाण्याच्या जोरावर तिथे सूत निघू लागले. धबधब्याकाठची ती गिरणी म्हणजे एक भली थोरली पाणचक्कीच. झुलत्या पुलावर उभे राहून आपण सगळ्यांनी धबधबा पाहिला आहे, पण नावातच ‘वॉटर पॉवर’ असलेल्या त्या गिरणीकडे पाठ करून.

असो. विषय मावशीच्या घराचा आहे.

त्या घराचेही एक पाणी आहे. चौकातल्या फरशीत दोन हात रुंदीचे लाकडी झाकण आहे, ते उचलले की खाली काळोख, आणि काळोखात टाके. सगळ्या चौकाखाली पसरलेले, चुन्याने गिलावा केलेले. छपरावरचे पावसाचे पाणी नळीने त्यात उतरते. मृगाचा पहिला पाऊस आत घ्यायचा नाही, तो छप्पर धुऊन जाऊ द्यायचा. ऑगस्टच्या उत्तरार्धात मघा लागल्या की नळीचा बोळा काढायचा. मघाचे पाणी वर्षभर टिकते, त्यात किडा पडत नाही, असा गुजराती घरांचा पक्का विश्वास. टाक्यात ऊन जाऊ द्यायचे नाही, चप्पल घालून झाकणाजवळ जायचे नाही. लग्न होऊन आलेल्या मावशीला सासूने पहिल्या दिवशी स्वयंपाकघर दाखवले नव्हते, हे झाकण दाखवले होते. तापीला समुद्राच्या भरतीचे पाणी चढायचे. नळ होते, तरी डाळ शिजायला पाणी टाक्याचेच.

हे सांगताना मावशीने बोटाने भिंत दाखवली. झोपाळ्याच्या खोलीत, दाराच्या चौकटीशेजारी, तेलरंगाने ओढलेल्या दोन आडव्या रेघा आहेत. खालची १९६८ ची, काकांच्या वडिलांनी ओढलेली. वरची २००६ ची, दादाने ओढलेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला तेव्हा उकाई धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात पोचले होते आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. राखीपौर्णिमेचे दिवस होते. मावशी आणि काका चार दिवस माळ्यावर होते. प्यायला पाणी होते ते माळ्यावरच्या एका तांब्याच्या हंड्यात. खाली घरभर पाणी, चौकात पाणी, आणि चौकाखाली शंभर वर्षे जपलेल्या टाक्यात नदीचा चिखल.

“त्या वर्षी मी पहिल्यांदा म्हटलं, विकू या,” मावशी म्हणाली. “तुझे काका म्हणाले, आधी टाकं धुऊ.”

टाके धुतले. तीन माणसांनी पाच दिवस गाळ काढला, चुना पुन्हा लावला. काका गेले २०१४ साली. त्यानंतरही दर मघाला मावशी बोळा काढते. आता ते पाणी पिण्यासाठी नाही, देवासाठी आणि तुळशीसाठी.

दादाने त्या इटालियन चक्कीच्या भिंती आठवून पाहिल्या. “रेघ नव्हती,” तो म्हणाला. “पण रस्त्यात चिखल होता, दोन ठिकाणी दरड काढत होते.” तो गेला त्याच्या महिनाभर आधी, मे २०२३ मध्ये, एमिलिया-रोमान्या प्रांतात मोठे पूर आले होते, डोंगर खचले होते. जाहिरातीत अर्थातच तेही नव्हते. आपल्याला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. गोकाक, चिकोडी, शिरोळ, सांगली. नदीकाठचे घर घेताना आता माणूस आधी भिंतीला बोट लावून बघतो.

मी थोडी माहिती काढली होती, ती सांगितली. इटलीत पाणी सार्वजनिक मालकीचे. ओढ्याकाठी घर तुमचे असले तरी ओढ्यातून पाणी वळवायला सरकारी परवाना लागतो आणि त्याची वर्षाची पट्टी भरावी लागते. घराबरोबर शेतजमीन असली तर बांधाला लागून असलेल्या कष्टकरी शेतकऱ्याचा पहिला हक्क, १९७१ च्या कायद्याने. वास्तू सरकारने ऐतिहासिक म्हणून नोंदली असेल तर साठ दिवसांत सरकारच ती त्या किमतीला घेऊ शकते. खरेदीखत नोटरीशिवाय होत नाही, आणि तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्के घेऊन बसणारा नव्हे, मोठा सरकारमान्य अधिकारी. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या, तिथे न राहणाऱ्या माणसाला घर द्यायचे तर ‘तुमच्या देशात आमच्या माणसाला घेता येते का’ हे बघतात. आपल्या कायद्यात परदेशात राहणाऱ्या परक्या माणसाला इथे घर सहजी घेता येत नाही. आणि इथून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची.

“पण मी कुठे घेतोय!” दादा जरा चिडूनच म्हणाला. वहिनी हसत होत्या.

मग आपल्या घराची कागदपत्रे निघाली. तिथे तरी सोपे काय होते? काकांच्या मागे वारस चार. न्यू जर्सीच्या धाकट्याने कुलमुखत्यारपत्र पाठवायचे, तेही वकिलातीतून साक्षांकित करून. जुन्या सुरतेच्या अनेक भागांना १९९१ चा ‘अशांत धारो’ लागू आहे, त्यामुळे तिथे घर विकताना कलेक्टरची परवानगी लागते. ‘विकणे आहे’ हे दोन शब्द, आणि त्यामागे ही एवढी फाइल.

गिऱ्हाइके दोन होती. पहिला इमलावाला. आपण ‘इमला’ म्हणतो तोच शब्द, पण तिथे तो धंदा आहे. जुने घर उतरवायचे आणि त्याचे लाकूड विकायचे. तो दिवाळीआधीच येऊन गेला होता. खांब, तुळया, कोरीव कंस, दारे यांवर त्याने बोटाच्या पेराने टकटक केले आणि आवाजावरून भाव सांगितला. डांगचे जुने सागवान आहे, असे म्हणाला. खांब हॉटेलात जातील, दाराचे टेबल होईल, कंस कुठल्यातरी बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर लागतील. इमला त्याचा आणि मोकळी जागा त्याच्या ओळखीच्या बिल्डरची. दोन्ही मिळून आकडा मोठा होता.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपे, दोघेही वास्तुविशारद. त्यांना घर तसेच ठेवून खाली कार्यालय आणि वर राहायला जागा करायची होती. अहमदाबादेत असे झाले आहे. भद्रजवळची १९२४ ची हवेली हॉटेल झाली, पोळांतल्या काही घरांत पाहुणे उतरतात, आणि २०१७ साली युनेस्कोने जुन्या अहमदाबादला जागतिक वारसा ठरवल्यापासून तर त्या घरांना भाव आला. सुरतेला तसे काही नाव नाही. जोडप्याचा आकडा इमलावाल्यापेक्षा बराच खाली होता.

बहिणीला पैशांची गरज आहे, तिने ते लपवले नाही. दोन मुलांची शिक्षणे चालू आहेत, पुण्यात घराचे हप्ते आहेत. तिला कोणी बोल लावू नये. जुने जपा म्हणून दुसऱ्याला सांगणे फार सोपे असते, विशेषतः माझ्यासारख्या पगारी इतिहासवाल्यांना. माझ्या टिळकवाडीतल्या घरात आजीचे जाते, कन्नड शेजारणी ज्याला बीसो कल्लु म्हणतात ते, बाहेर कुंडीखाली पडले आहे. मावशी इटलीच्या टेबलाचे ऐकून म्हणाली होती, “जात्याला पाय लावतात तिथे? दारात पायरी केलीय?” तिच्या लग्नात हळद दळायच्या आधी जात्याला सुपारी-हळकुंड बांधून पूजा झाली होती. मी तेव्हा गप्प बसले, कुंडीचे बोलले नाही.

संध्याकाळी दादा आणि बहीण बाहेर गेल्यावर मावशीने मला टाक्याजवळ बसवले. मला वाटले, आता ती रडेल आणि घर विकू नका म्हणून सांगेल. तसे काही झाले नाही. ती म्हणाली, “मला इथे राहायचं नाही. जिना चढवत नाही. वेसूला लिफ्ट आहे. अवंग हेळब्याड (त्याला सांगू नकोस), पण मला तिकडे जायचंय. हे आपणहून म्हटलं तर त्याला वाटेल मी त्याच्या बापाचं घर सोडायला निघाले.”

“मग कोणाला द्यायचं?”

“इमलावाला आला तेव्हा त्याने वर बघितलं. खांब, तुळई. खाली नाही बघितलं. ती पोरं आली तर त्या मुलीने आधी चप्पल काढली आणि झाकण उघडून दाखवा म्हणाली. पाणी किती राहतं विचारलं.” थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “पण पैसे कमी देतात. आणि माझ्या लेकीला पैसे पाहिजेत. ते पण खरं आहे.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. आजही नाही.

भाऊबिजेच्या दिवशी ठरले ते एवढेच, की दोन्ही गिऱ्हाइकांना थांबवायचे आणि एकदा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पाहायची. कोणी तिसरा, चांगल्या पैशांत घर राखणारा, निघालाच तर निघाला. जाहिरात लिहायचे काम माझ्याकडे आले. मी मराठीत लिहावी, वहिनींनी गुजरातीत करावी. दादा म्हणाला, त्या इटलीवाल्यासारखी झकास लिही. मी सुरुवात केली : “तापीच्या सान्निध्यात शतकापूर्वीची कोरीव सागवानी वास्तू…”

मावशी झोपाळ्यावरून ऐकत होती. “सान्निध्यात म्हणजे? नदी घरात येते असं लिही. दोन वेळा आली. रेघ दाखवू म्हणून लिही.”

दादा म्हणाला, “आई, मग कोण घेईल?”

“घेणाऱ्याला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि मागच्या न्हाणीची तुळई वाळवीने खाल्लीय, ते लिहिलंस का?”

मी लिहिले. नानपुऱ्यात जुने लाकडी घर, ओटा, चौक, माळा. पुराचे पाणी १९६८ आणि २००६ साली आले होते, भिंतीवर खूण आहे. मागच्या तुळईला वाळवी. गाडी दारापर्यंत येत नाही. चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके, चालू. शेवटच्या ओळीवर दादाने हरकत घेतली, कारण जाहिरातीचे पैसे ओळीवर होते. मावशीने ती ओळ काढू दिली नाही.

जाहिरात छापून आल्यावर नऊ फोन आले. सात जणांनी गाडी कुठे लावायची ते विचारले, एकाने लाकूड वेगळे विकणार का असे विचारले. नववा फोन एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा, मुंबईहून. त्यांना घर घ्यायचे नव्हते. टाक्याची ओळ वाचून त्यांनी फोन केला होता. त्यांच्या लहानपणी घर हेच होते की शेजारचे, ते त्यांना नीट आठवत नव्हते. मावशी त्यांच्याशी अर्धा तास गुजरातीत बोलली. मघा, बोळा, झाकण, सगळे. फोन ठेवताना त्या बाईंनी विचारले म्हणे, “पाणी अजून गोड छे ने?”

धाकट्याचे कुलमुखत्यारपत्र त्यानंतर चार महिन्यांनी आले, तेही नावात एक अक्षर चुकून, म्हणून परत पाठवावे लागले. २०२४ च्या मघा नक्षत्रात मावशी वेसूला होती. बोळा काढायला दादा स्कूटरवरून नानपुऱ्याला गेला आणि तिथून त्याने मला फोन केला, बोळा नेमका किती पाऊस झाल्यावर काढायचा ते आईला न कळता विचारून सांग म्हणून.